ओब्दुलियाची आसवं

सत्तावीस वर्षं सुपीरियर गावातल्या शाळेत चारशे पोरांचं जेवण रांधून ओब्दुलिया बारेला निवृत्त झाली आणि तिसऱ्याच आठवड्यात तिचे हात शिवशिवायला लागले. घरात खाणारी माणसं दोनच, ती आणि नवरा कुको. दुपारी बाराच्या आत सगळं आवरून व्हायचं. मग ती अंगणात जाऊन डोंगराकडे बघत बसायची.

अशाच एका शनिवारी कोपऱ्यावरच्या घराबाहेर जुनं सामान विकायला मांडलं होतं. त्यात तिला दगड घोळवायचं यंत्र दिसलं. दोन दांड्यांवर आडवा ठेवलेला रबरी डबा आणि त्याला फिरवणारी छोटी मोटर, एवढंच. ती ते काखेत मारून घरी आली.

कुकोनं चष्म्यावरून बघितलं. "हे काय आणलंस, म्हातारे?"

"दगड गुळगुळीत करायचं यंत्र."

"एकतीस वर्षं खाणीतनं आल्यावर मी बुटातनं दगड झटकून बाहेर टाकले. आता तू आत आणणार?"

"तुझे ते तांब्याचे होते. मी आसवं आणणार आहे."

गावामागच्या करड्या टेकडीत ज्वालामुखीची काळी काच सापडते, बोराएवढे गोल गोल खडे. त्यांना सगळे आसवंच म्हणतात. कांद्याच्या पापुद्र्यांसारखा राखाडी दगड सोलला की आतून खडा निघतो. हातात काळा कुळकुळीत, पण उन्हासमोर धरला तर कडक कॉफीसारखा तपकिरी आणि आरपार. ओब्दुलियानं लहानपणी ते फ्रॉकच्या ओच्यात भरून आणले होते. आता बादली घेऊन गेली आणि दोन सकाळींत ती भरली.

पहिला घाणा महिनाभर चालला. आधी दगड घासायची भरड पूड, मग बारीक, मग मैद्यासारखी आणि शेवटी चकाकीची पांढरी. दर खेपेला डबा धुऊन पुसून लख्ख. महिन्यानं झाकण काढलं तर खडे मलूल. कडा पांढुरक्या आणि अंगावर नखानं ओरबाडल्यासारख्या चंद्रकोरी.

हौशी दगडवाल्यांच्या मंडळाचे ट्रेडवे गुरुजी दोन गल्ल्या सोडून राहायचे. शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि ओब्दुलियाच्या हातचं खाऊन त्यांचं पोट सुटलं होतं. तिनं त्यांना खडे दाखवले.

"ओब्दुलियाबाई, ही काच आहे," ते म्हणाले. "एकमेकांवर आपटली की टवका उडणारच. नवख्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये. तुम्ही अकीक घ्या. तो दणकट असतो."

"मी पहिलीच्या पोरांना पालक खायला घातलाय, गुरुजी. काच काय घेऊन बसलात."

आपटू नये म्हणून मध्ये काहीतरी मऊ पाहिजे, हे तिला कळलं. स्वयंपाकघरात मऊ आणि गोल म्हणजे राजमा. दोन मुठी कोरडा राजमा तिनं खड्यांत टाकला, पाणी आणि पूड घातली, झाकण गच्च लावलं आणि डबा कपडे धुवायच्या खोलीत फिरत ठेवला. पहिले दोन दिवस इतका छान, दबका आवाज येत होता की ती जाता येता थांबून ऐकायची.

चौथ्या दिवशी रविवार होता. प्रार्थनेहून परत येऊन दोघं जेवायला बसतात तोच आतून धडाम आवाज झाला. राजमा फुगला होता, आंबला होता आणि त्यानं झाकण छताला नेऊन आपटलं होतं. राखाडी लगदा भिंतीवर, पंख्यावर आणि दोरीवर टांगलेल्या कुकोच्या पाच इस्त्रीच्या सदऱ्यांवर. वास तर विचारू नका.

कुको दारात उभा राहिला. सदऱ्यांकडे बघितलं, छताकडे बघितलं. ओब्दुलिया आता बोलणी खायची तयारी करत होती. पण त्याच्या पोटातून हसू वर आलं, ते थांबेना. शेवटी तो बादलीवर बसून डोळे पुसायला लागला.

"एकतीस वर्षं सुरुंगाजवळ काढली," तो म्हणाला, "आणि स्फोट झाला तो राजम्याचा."

दोघांनी मिळून खोली धुतली. डबा पुसता पुसता कुको थबकला. तो खाणीत मेकॅनिक होता, कधी खाली बोगद्यात, कधी वर धातू दळायच्या गिरणीत. खोलीएवढी लोखंडी पिंपं, आत पोलादी गोळे, आणि त्यात कच्च्या धातूचा भुगा होईस्तोवर दळण. त्या पिंपांचा आवाज त्यानं आयुष्यभर ऐकला होता.

"किती भरतेस हा?" त्यानं विचारलं.

"अर्धा. जास्त भरला तर फिरणार कसा?"

"इथंच चुकतंय. अर्धं पिंप म्हणजे दगड वर चढतो आणि खाली पडतो. आम्हाला फोडायचंच असायचं, म्हणून आम्ही जागा ठेवायचो. तुला फोडायचं नाहीये. पाऊण भर. आणि हा पळतोय केवढा. याला लगाम घालायला पाहिजे."

"मग घाल की. मी कुठं नको म्हणतेय?"

त्यानं मोडक्या शिवणयंत्राची छोटी चाकी काढून मोटरला बसवली. डबा संथ झाला. बाकीचं ओब्दुलियानं बघितलं. राजम्याऐवजी बाहुलीत भरतात ते प्लॅस्टिकचे मणी घातले, आणि पाणी दाट व्हावं म्हणून साखर. किती साखर, ते कुणी सांगायची गरज नव्हती. मक्याची पेज पळीवरून कशी ओघळायला हवी, ते तिचा हात जाणत होता. आंबून पुन्हा स्फोट होऊ नये म्हणून ती रोज झाकण किलकिलं करून आतला वायू जाऊ द्यायची. सकाळी कॉफीचा कप घेऊन दोघं डब्याला कान लावत. टकटक ऐकू आली की कुको म्हणायचा, "मणी घाल." नुसती सळसळ असली की निवांत कॉफी प्यायचा.

पाच आठवड्यांनी, टळटळीत दुपारी, तिनं परातीत खडे ओतले आणि साबणाच्या पाण्यानं धुतले. एकही टवका नाही. तिनं एक उचलून कुकोच्या हातात दिला. त्यानं तो खिडकीसमोर धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

"आत धूर आहे," तो म्हणाला. "पट्ट्यापट्ट्यांचा. एवढी वर्षं डोंगराच्या पोटात होतो, असं काही बघितलं नाही मी."

"अंधारात होतास ना."

मार्चमध्ये शेजारच्या ग्लोब गावी जत्रेच्या हॉलमध्ये मंडळाचं प्रदर्शन भरलं. ओब्दुलियानं तीस खडे मांडले, एका जुन्या काचेच्या तावदानावर, खालून दिवा लावून. ती कल्पना कुकोची. तिला वाटलं होतं तो गाडीतच डुलकी काढेल. पण तो टेबलापाशी उभा राहिला तो संध्याकाळपर्यंत. येईल त्याच्या हातात खडा द्यायचा, दंडाला धरून त्याला खिडकीकडे वळवायचा आणि म्हणायचा, "असा नाही, उजेडाकडे धरा. हं, आता बघा."

परीक्षक बाईंनी भिंगातून तीसच्या तीस खडे तपासले आणि पहिल्या बक्षिसाची निळी फीत ओब्दुलियाच्या टेबलावर ठेवली. ट्रेडवे गुरुजींच्या अकीकांना दुसऱ्या बक्षिसाची लाल मिळाली. ते स्वतः अभिनंदन करायला आले. मग जरा घुटमळले.

"माझ्याकडे एक डबाभर आसवं पडून आहेत," ते हळूच म्हणाले. "अकरा वर्षं झाली. सगळी फुटतात."

"गुरुवारी घेऊन या," ओब्दुलिया म्हणाली. "सकाळी या, आणि काही खाऊन येऊ नका."

गुरुवारी गुरुजी डबा घेऊन आले, आणि मंडळातले आणखी चौघं आपापले डबे घेऊन त्यांच्यामागून आले. ओब्दुलियानं मोठं पातेलं काढलं, सात जणांसाठी मिरचीची अंडी केली आणि गरम रोट्या फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवल्या. निवृत्त झाल्यापासून एवढ्या माणसांना तिनं पहिल्यांदाच वाढलं. पलीकडे कुको एकेक डबा कानाशी धरून हलवत होता, आणि गुरुजी वही उघडून, पेन सरसावून, त्याच्या तोंडाकडे बघत बसले होते.