स्टुलावरची पाहुणी

चष्म्याच्या दुकानातल्या काकू गावभर प्रसिद्ध होत्या त्या त्यांच्या जिभेमुळे. नाकावर फ्रेम बसवता बसवता त्या असं काही बोलायच्या, की नंबर वाढल्याचं ऐकूनही गिऱ्हाईक हसत बाहेर पडायचं. मागच्या खोलीत काका भिंगं घासत बसायचे. त्यांच्या वाटचं बोलणंही काकूच बोलून टाकायच्या.

त्यामुळे हौशी नाटक मंडळाने विनोदी नाटकातल्या आईसाठी काकूंना विचारलं, यात नवल नव्हतं. नाटकात जुन्या वळणाचे आईबाप होते. त्यांचा मुलगा ज्याच्यावर जीव जडलाय त्या तरुणाला घरी घेऊन येतो आणि आईबापांची तारांबळ उडते. काकू साफ नाही म्हणतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या लगेच हो म्हणाल्या.

तालमीत एक प्रसंग काही केल्या रंगेना. दिग्दर्शक म्हणजे शाळेतले गणिताचे मास्तर. ते म्हणाले, "शेजारीण अचानक येते, तिथे काहीतरी धमाल हवी."

काकूंच्या तोंडून निघून गेलं, "आई शेजारणीला सांगते, हा विजेचं मीटर बघायला आलाय. मग तो बिचारा स्टुलावर चढतो, आणि शेजारीण चहा संपवून उठेपर्यंत मान वर करून मीटरकडे बघत राहतो."

मास्तर पोट धरून हसले. "काकू, हे सुचतं तरी कसं तुम्हाला?"

सुचलं कुठलं! ते घडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक लेक आपल्या मैत्रिणीला घेऊन आली होती. "आई, आम्ही दोघी एकत्र राहतो. आयुष्यभर राहणार आहोत," एवढं तिने सांगितलं आणि तेवढ्यात शेजारच्या मावशी दारात उभ्या राहिल्या. काकूंनी पाहुणीला मीटर बघायला लावलं. परिचारिकेचं काम करणारी ती उंच मुलगी स्टुलावर चढली. घर दुकानाला लागूनच होतं; काका उठून मागच्या खोलीत गेले आणि भिंग न लावताच त्यांनी घासायचं मशीन सुरू केलं. त्याच संध्याकाळी दोघी निघून गेल्या. पुढे लेकीचे फोन आले, पण तब्येतीची चौकशी करण्यापुरतेच.

तेच सगळं रंगमंचावर करून दाखवलं की आपला भार हलका होईल, असं काकूंना वाटत होतं. झालं भलतंच. प्रत्येक प्रयोगाला त्या प्रसंगावर नाट्यगृह डोक्यावर घ्यायचे लोक, आणि काकू विंगेत येऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. लेकीचा अपमान आपण हशासाठी वापरला, हे त्यांना आतून कुरतडत होतं.

एका रविवारी दुपारच्या प्रयोगात, तो तरुण स्टुलावर चढला आणि काकूंना समोर प्रेक्षकांत त्या दोघी दिसल्या. उंच मुलगी हसत होती. लेक हसत नव्हती. काकू पुढचं वाक्य विसरल्या. लोकांना तोही अभिनय वाटला. आणखी टाळ्या पडल्या.

पडदा पडताच काकू रंग न पुसता धावत बाहेर गेल्या. लेक स्कूटरजवळ उभी होती, शेजारी ती उंच मुलगी.

"छान काम करतेस," ती म्हणाली.

"चुकलं गं माझं."

"लोक हसत होते ना, तेव्हा मी आजूबाजूला बघत होते. सगळे तुझ्या बाजूने होते. बिचारी आई, किती गोंधळलीय! त्या दिवशी हिची मान दुखत होती, ते कुणालाच दिसलं नाही."

काकूंनी पदराने गालावरचा रंग पुसला. मग त्या म्हणाल्या, "तो प्रसंग काढून टाकते."

"नाटकात काहीही कर. घरी काय करणार आहेस?"

पुढच्या सुट्टीच्या दिवशी काकूंनी दोघींना बोलावलं. शेजारच्या मावशींनाही बोलावलं. चहा ओतता ओतता त्या मावशींना म्हणाल्या, "ही माझी लेक. आणि ही तिची जन्माची जोडीदार. मागच्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोलले."

मावशी बघतच राहिल्या. "घरात दूध उतू जाईल," असं पुटपुटत अर्धा कप तसाच ठेवून त्या गेल्या, त्या बरेच दिवस फिरकल्या नाहीत. काका मात्र या वेळी जागचे हलले नाहीत. त्यांनी त्या मुलीचा चष्मा मागून घेतला, काचा पुसल्या, सैल झालेला स्क्रू आवळून दिला.

आता दोघी अधूनमधून येतात. काकू त्या मुलीला बसू देत नाहीत की उठू देत नाहीत. उशी दे, पंखा वाढव, आणखी घे. शेवटी लेकच म्हणते, "आई, पुरे."

ती मुलगी अजून काकूच म्हणते. "आई म्हण" हे शब्द काकूंच्या ओठांवर कितीदा तरी येतात. पण आपण ते मागायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावून ठेवलंय.