लिंबू लावलेली कट्यार

"ताई, फक्त सही-शिक्का मारा. बाकी सगळं तयार हाय," म्हणत अंकुशने छापील इंग्रजी कागद माझ्या टेबलावर ठेवला.

भोकरदनला कोर्टासमोर माझं भाषांतराचं ऑफिस आहे. मराठी कागदाचं इंग्रजी करायचं आणि खाली 'ट्रू ट्रान्सलेशन' म्हणून सही करायची. म्हणजे मूळ कागदात आहे तेच इथे आहे, याची हमी द्यायची. दुसऱ्याने केलेल्या भाषांतरावर मी सही करत नाही. तरी वाचलं.

अंकुश केदारखेड्याचा. केंद्रीय पोलीस दलात निवड झालेली. पण त्याच्या लग्नाआधीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ फोनोफोनी फिरला आणि पोलिसांनी हत्यार घेऊन नाचल्याचा गुन्हा नोंदवला. त्या एफआयआरचं इंग्रजी दलाच्या ऑफिसला दुसऱ्या दिवशी हवं होतं. त्यावर नोकरी अडली होती.

भाषांतर मोबाईलच्या अ‍ॅपने केलेलं. त्यात लिहिलं होतं, नवरदेव कट्यार 'ब्रँडिश' करत होता.

"हा शब्द बिलकुल चालणार नाही."

"का बरं?" सोबत आलेल्या वडिलांनी विचारलं. त्यांच्या खांद्यावर मेंढरांमागे फिरताना असते तीच घोंगडी होती.

मी सांगितलं. 'ब्रँड' म्हणजे जुन्या भाषेत जळतं लाकूड. पुढे चकाकणाऱ्या तलवारीलाही तेच नाव पडलं. फ्रेंचांनी त्याचं क्रियापद केलं आणि ते इंग्रजीत आलं. उघडं पातं समोरच्याच्या डोळ्यांपुढे असं नाचवायचं की त्याला धाक बसावा. आपण तलवार परजणं म्हणतो, त्याच्या जवळचं.

"धाक? अहो, लेकरू नाचून राह्यलं होतं! मंग हातात धरली, एवढंच लिहा. फिरवली-बिरवली काढून टाका."

"तेही नाही. एफआयआरमध्ये 'फिरवली' असणारच, व्हिडिओतही हात वर दिसतो. दोन्ही समोर ठेवलं तर पोरगा खोटा पडेल. आणि मी पण."

"अन् नोकरी गेली तं?" त्यांनी विचारलं. मी कागद सोडला नाही.

मूळ एफआयआर मागितली. लिहिणारा हवालदार इकडचाच असावा. त्याने सगळं लिहिलं होतं: 'टोकास लिंबू लावलेली कट्यार हवेत फिरवून नाचत असताना'.

"अंकुश, लिंबू कुठं गेलं?"

तो खाली बघू लागला. "अ‍ॅपनं लिहिल्तं, ताई. मीच काढलं. तिकडचे साहेब लोकं हसतील म्हणून."

"अरे शहाण्या, टोकाला लिंबू असलेल्या पात्याने कोणी धाक घालतं का?"

मी नव्याने टाईप केलं. टोकाला लिंबू लावलेली कट्यार नाचताना हवेत हलवत होता. साधं क्रियापद, पूर्ण वाक्य. खाली तळटीप दिली: इकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, नजर लागू नये म्हणून टोकाला लिंबू खोवतात आणि लग्न लागेपर्यंत ती खाली ठेवत नाहीत. सही केली, शिक्का मारला.

काही आठवड्यांनी दलाच्या ऑफिसातून फोन आला.

"मैडम, ये नींबूवाला ट्रांसलेशन आपका है?"

"जी. एफआयआर में जो है, वही लिखा है."

"एफआयआर किसी और से भी पढ़वा ली है. नींबू उसमें भी निकला." अधिकारी हसले. "हमारे यहाँ तो दूल्हा पूरी तलवार लेकर घोड़ी पर बैठता है. फुटनोट की ज़रूरत नहीं थी. लेकिन ब्रँडिशिंग लिखा होता, तो मैं आगे पढ़ता ही नहीं."

अंकुश नोकरीवर हजर झाला. त्याचे वडील पिशवीभर लिंबं घेऊन आले. म्हणाले, "ताई, हे मातर काढू नका."

तेव्हापासून कोणीही तयार भाषांतर घेऊन आलं, की ते बाजूला ठेवून मी एकच विचारते: यातलं लाजून काय काढलंय?