ट्यूबांमधली हवा

एसटी स्टँडमागे मामांचं पंक्चरचं दुकान होतं. ट्यूबला ठिगळ लावून अंगठ्यानं दाबत बसले, की ते चिकटेपर्यंत मामा कुणालाही उत्तर देत नसत.

त्या उन्हाळ्यात आमच्या मंडळाची मालवणची सहल ठरली. ट्रकच्या ट्यूबांवर पालथं पडून लाटांवरून किनाऱ्याला यायचं, ही कल्पना मामांची आणि ट्यूबाही त्यांच्याच. सहलीच्या पत्रकात मी ‘सहकुटुंब’ हा शब्द ठळक घातला होता. अध्यक्षांनी तो खोडला.

“बायकांचं समुद्रात काय काम?” ते दुकानात सगळ्यांसमोर म्हणाले. मी समतेवर तावातावानं बोललो. सगळे हसले. मामा ठिगळ दाबत होते. ते चिकटलं तसे उठले आणि भिंतीशी रचलेल्या फुगीर ट्यूबांची हवा एकेक करून सोडू लागले.

“मामा, अहो, हे काय?” अध्यक्ष ओरडले.

“लाट काय बाप्या बघून येती व्हय? बायका येणार आस्तील तर भरतो की परत.”

सहलीच्या गाडीत अध्यक्षांची बायको खिडकीशी बसली होती, आणि अध्यक्ष मांडीवर पोरगं घेऊन शेजारी.

मालवणात मामी कासोटा आवळून ट्यूबवर पडल्या. लाटेनं त्यांना उचललं आणि थेट वाळूवर आणून सोडलं. “आवो, बघितलं का न्हाय?” मामी ओरडल्या.

मामा किनाऱ्यावर ठिगळ दाबत बसले होते. ते अजून चिकटलं नव्हतं. तरी ते टाकून मामा पाण्याकडे धावले.

“बघितलं की!”