निलगिरीचा भात

तमिळ मुलखातलं, पापनाशमजवळचं आमचं शेत विकलं, त्याआधीच्या शेवटच्या पिकाचा तांदूळ आईने घरी ठेवून घेतला होता. वडिलांच्या श्राद्धाला त्यांच्याच शेतातला भात व्हावा आणि त्यातला घासभर आपणही खावा, एवढंच तिचं म्हणणं. तांदळाचं एकच पिंप होतं. ते जपायची जबाबदारी थोरल्या भावाने अंगावर घेतली आणि तिथेच सगळं फिसकटलं.

भाऊ बँकेतून निवृत्त झालेला. निवृत्त माणसाच्या हाती मोबाइल म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. तांदळात सोंडे दिसू लागले तेव्हा मी म्हटलं, उन्हात घालू, कडुलिंबाचा वाळला पाला टाकू. हे त्याला अडाणीपणाचं वाटलं. बाजारातल्या विषारी गोळ्या तर पितरांच्या अन्नात नकोतच. मग त्याने वनस्पतींच्या सुगंधी तेलांचा अभ्यास केला, म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, आणि निलगिरीचं तेल आणलं. कापसाच्या बोळ्यावर थोडे थेंब टाकून तो झाकणाखाली टांगायचा, असं त्यात सांगितलं होतं. थेंबांनी एवढं होतं तर बाटलीने किती होईल, ही अक्कल त्याची स्वतःची. अख्खी बाटली तांदळावर ओतून त्याने पिंप घट्ट बंद केलं.

सोंडे मेले, खोटं कशाला बोलू. भावाने ते कागदावर पसरून राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत घरोघर दाखवले.

श्राद्धाच्या दिवशी तांदूळ धुऊन धुऊन माझे हात दुखले, वास काही हलेना. भात शिजला तसा स्वयंपाकघराला सर्दीच्या मलमाचा वास सुटला. दुकानातून दुसरा तांदूळ आणू म्हटलं तर भाऊ माझ्यावरच खवळला. श्राद्धाला जेवणाऱ्या ब्राह्मणांनी अन्नाला नावं ठेवायची नाहीत, अशी रीत. बिचारे डोळे पुसत पुसत जेवले. शेवटी भावाने रीतीप्रमाणे विचारलं, तृप्त झालात ना? झालो म्हणाले, दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती. भावाने तेच प्रशस्तिपत्र मानलं. मला त्याचा मनापासून राग आला.

सगळ्यांचं झाल्यावर आई पानावर बसली. एक घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि पान हळूच पुढे सारलं. भाऊ समोरच उभा होता. सोंड्यांना आम्ही घरात तमिळमधला वंडु हाच शब्द वापरतो.

"वंडु सगळे मेले की नाही, आई?" त्याने विचारलं.

"मेले रे," आई म्हणाली. "त्यांनी खाल्ला असता, तरी मजसाठी चार घास राहिले असते."