अमावास्येची शाळा

आमच्या गुरुजींच्या हातात छडी कधी दिसली नाही, तरी सारं गाव त्यांना टाळायचं. अमावास्येच्या आदल्या दिवशी ते दारोदार फिरत आणि एकच वाक्य बोलत : "उद्या बैल जुंपायचे नाहीत ना? मग दोघंही शाळेत या." शिंदखेड्याजवळच्या आमच्या खेड्यात आईबाप शाळेत दोनदाच जात, नाव घालायला आणि नाव काढायला. माझे वडील, आबा, त्यांना म्हणाले होते, "शाळामा धाडी दिन्ही ना? आते पोर तुमनी." गुरुजी म्हणाले, "अर्धीच माझी."

बायका आल्या तर दारातच बसत, पदर पुढे ओढून. गुरुजी पुरुषांना आधी बोलू देत नसत. "जेवतो का? झोपतो का? घाबरतो कशाला?" असं ते आयांना विचारत. पुरुष हसत. 'पोरांना शिकवायचं सोडून हा चुलीची चौकशी करतो' असं चावडीवर बोललं जाई.

एकदा आबांनी त्यांना या सगळ्या चौकशीबद्दल विचारलंच, "कशाले हाई बठ्ठं?" गुरुजी म्हणाले, "यावलकडे होतो तेव्हा एक मुलगा वर्गात पेंगायचा. आळशी समजून मी त्याला रोज उभा करायचो. त्याला रात्री ताप यायचा, हे त्याच्या आईला ठाऊक होतं. तो वर्गात उभ्या उभ्या पडायला येतो, हे मला ठाऊक होतं. आमची दोघांची गाठ पडली ती त्याला स्मशानात पोचवून आल्यावर." आबा त्यानंतर गुरुजींच्या प्रश्नांवर कधी हसले नाहीत.

त्या पावसाळ्यात मी मागे पडले. शाळा धर्मशाळेच्या खोलीत भरे आणि तिला एकच खिडकी होती. आभाळ भरून आलं की मला फळ्यावरची अक्षरं दिसेनाशी होत. मी रडे आणि घरी पाटी लपवून ठेवी. आबांनी मला हट्टी ठरवून दोनदा मारलं. अमावास्येला गुरुजी आईला म्हणाले, "ऊन असलं की ही नीट वाचते. ढग आले की थांबते. घरी कशी असते?"

आई दारातून हळूच म्हणाली, "दिन बुडना का भिताड धरीसन चालस. आम्हले वाटस, नाटक करस."

गुरुजी उठून उभे राहिले. "आबा, पोरीला अंधारात दिसत नाही हो. मारू नका तिला."

दुसऱ्याच दिवशी ते आबांबरोबर मला घेऊन धुळ्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी रातांधळेपणा सांगितला आणि माशाचं तेल दिलं. आमच्या माळकरी घरात त्यावरून रडारड झाली. शेवटी आईनंच बाटली उचलली आणि गोठ्यात नेऊन मला पाजायला लागली. आबा मात्र कितीतरी दिवस माझ्याकडे सरळ बघत नसत.

दिवाळीनंतर गुरुजींची बदली झाली. ते छकड्यात बसले तेव्हा एरवी पदर ओढून दारातूनच बोलणारी माझी आई पुढे झाली. "गुरुजी, पोर आते सांजले पयस, भिताड धरत नही." गुरुजींनी मान हलवली. मग एकेक आई पुढे येऊन आपापल्या पोराचं सांगू लागली. गाडीवान घाई करत होता. ज्या दोघीतिघी मागे राहिल्या, त्यांच्याकडे गुरुजी वळून वळून पाहत गेले.

नवे मास्तर कडक होते. थंडीत एकदा माझा कान रात्रभर ठणकला. सकाळी आई मला घेऊन शाळेत गेली आणि दाराशी उभी राहून सांगू लागली. मास्तर म्हणाले, "घरचं घरी ठेवा, बाई. पोरीला बसवा आणि जा."

आईनं वर्गात बसलेली पोरं पाहिली, मास्तरांच्या हातातली छडी पाहिली. मग मला कडेवर उचललं आणि ती घराकडे वळली.