थंडाव्याची ताडी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. पालघर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी डहाणूत पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सरकारी दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. चिकूच्या वाडीवाल्या एका सुखवस्तू घरातलं नवजात बाळ थरथरत होतं, चिरक्या आवाजात रडत होतं, दूध ओढत नव्हतं.

"पोटात असतानाच याला झोपेच्या औषधाची सवय लागलेली दिसते," त्या म्हणाल्या. "आईला ते कोण देत होतं, तुम्ही शोधा."

संशय अर्थातच नवऱ्यावर. त्याला ठाण्यात बसवलं, मेडिकलवाल्याला बोलावलं, बाळंतिणीचा जबाब महिला शिपायाने घेतला. हाती काही नाही. तिने एकही गोळी घेतली नव्हती. सासूबाई तर माझ्यावरच उखडल्या. "आमचे घरात दारूचा थेंब येत नाय, नि तुम्ही नशेचं विचारता?"

घराची झडती घ्यायला गेलो, तेव्हा त्याच बाईंनी पाहुणचार म्हणून माझ्यापुढे ग्लास केला. ताडी!

"घ्या, थंड असते. सुनेला रोज सकाळी दिली. पोर पोटात गार राहतं."

"आणि दारूचा थेंब नाही म्हणालात?"

"ताडी म्हणजे काय दारू, साहेब?"

मी कपाळावर हात मारला. नमुना प्रयोगशाळेत पाठवला. ताडीत झोपेच्या गोळ्या निघाल्या. तलासरीकडचा ताडीवाला चौकशीत फार टिकला नाही. पाणी घालून वाढवलेली ताडी चढत नाही, म्हणून तो गोळ्या कुटून टाकायचा. आरोपपत्र दाखल केलं आणि मी सुटलो असं समजलो.

बदलीनंतर काही वर्षांनी साक्षीसाठी डहाणूला आलो, तेव्हा त्या घरी डोकावलो. पोरगा एका जागी ठरत नव्हता, हाकेकडे लक्ष नाही, झोप जेमतेम. पोटातल्या नशेचा पुढे असा परिणाम दिसेल, ही भीती डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बोलून दाखवली होती. घरचे म्हणाले, आजोबांवर गेलाय. सून पुन्हा गरोदर होती. सासूबाई अभिमानाने सांगू लागल्या, "त्या चोराकडून आता नाय घेत, साहेब. नवा माणूस एकदम शुद्ध ताडी देतो."

"मावशी, शुद्धसुद्धा नको! तिच्यातही नशाच असते!" मी अक्षरशः ओरडलो.

चोराला बोलतं करायला मी आयुष्यभर शिकलो. पण या घरात चोर कोणीच नव्हता, सगळे मायाच करत होते, आणि मायेला कलम लावता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

सासूबाई फुरंगटून बसल्या. सून मात्र उठली, पोराला कडेवर घेतलं आणि ताडीचं मडकं उचलून मागच्या चिकूच्या बुंध्याशी ओतून आली.