त्या नोंदीखाली माझं नाव नाही

"हे मेंढरं हाकायचं डोकं आहे. इथं सॉफ्टवेअर करतात."

सर हे भर मीटिंगमध्ये म्हणाले. मी माझी रचना मांडून फळ्यापाशी उभी होते, हातात मार्कर. सगळे हसले. हसण्याचं काही वाटलं नाही, त्याची सवय कॉलेजातच झाली होती. पण माझा बाप मेंढरं राखतो, हे सांगलीच्या त्या ऑफिसात मी एकाच माणसाला सांगितलं होतं. दादाला. तो समोरच बसला होता. तोही हसत होता.

हा मानलेला दादा वाईचा, शिकल्यासवरल्या घरातला. मला या नोकरीला त्यानंच लावलं. मी त्याला राखी बांधत होते. ही रचना तुला सुचली कशी, असं त्यानं मीटिंगच्या आधी चहाच्या टपरीवर विचारलं आणि मी भोळसटासारखी सगळं सांगून बसले.

काम बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं होतं. सौदा, मालाची थंड खोली आणि ट्रक, असे प्रोग्रामचे तीन भाग. तिघांनी आपापल्या घडामोडी ओळीनं लिहून ठेवायच्या. लिहिलेलं पुसायचं नाही. चुकलं तर खाली दुरुस्तीची नवी नोंद, करणाऱ्याच्या नावानिशी. अडलं होतं ते एवढंच, की तिघांचा मेळ कुणी घालायचा. आमच्या मेंढपाळांच्या तळाला वाडा म्हणतात. बाप सांगायचा, "वाड्यात धा जणांची मेंढरं असत्यात. कारभाऱ्यानं निस्तं सांगायचं. दुसऱ्याच्या मेंढरात काठी घालायची न्हाई."

मी तसाच एक चौथा भाग ठेवला, समन्वयक. सौदा ठरला की त्यानं ट्रक मागवायचा. ट्रक दारात आला की खोलीला माल सोडायला सांगायचं. सोडायचा की नाही, ते खोली आपल्या नियमानं ठरवणार. मध्येच सौदा मोडला, तर उलटे निरोप धाडून झालेलं मागं फिरवायचं कामही त्याचंच.

थोड्याच दिवसांत दादानं हाच आराखडा मांडला. चौकोन माझे, बाण माझे, वर इंग्रजी नावं. सर म्हणाले, याला म्हणतात विचार. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन जागेवर येऊन बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

दादाला घाई होती. खोलीला विचारत बसायला वेळ लागतो म्हणून त्याच्या समन्वयकानं खोलीच्या नोंदीत स्वतःच 'माल बाहेर' लिहायला सुरुवात केली. असं करू नकोस, मी त्याला सांगितलं. मला शिकवू नकोस, तो म्हणाला.

भर एप्रिलात पलूसच्या एका जैन शेतकऱ्याचा सौदा ठरला. ट्रक निघायच्या आधीच सौदा मोडला. पण खोलीच्या नोंदीत माल बाहेर गेलेला होता. स्क्रीन बघून हमालांनी पेट्या फलाटावर आणून लावल्या. ट्रक आलाच नाही. बेदाणा दिवसभर तापला आणि काळा पडला.

दुसऱ्या दिवशी ते काका ऑफिसात आले. सरांच्या टेबलावर त्यांनी पेटी उघडून ठेवली.

"खोलीतला माल उनात काढला कुणी? येवढंच सांगा."

सरांनी माझ्याकडं बोट केलं. ही पोरगी नवीन आहे, म्हणाले. मग मला सांगितलं, दुरुस्तीची नोंद टाक, तुझ्या नावानं. मी दादाकडं बघितलं. तो बोलेल असं मला खरंच वाटलं होतं. तो मोबाईलमधून मान वर न करता बोलला.

"टाक ना. तुझं काय जाणार आहे? माझं नाव खराब होईल."

म्हणजे मला नाव नव्हतंच.

त्या ऑफिसात मी जिभेला चिमटा घेऊन शुद्ध बोलायचे. त्या दिवशी ते गळून पडलं.

"मी न्हाई लिवणार. ज्यानं केलंय त्यानं लिवावं. काका, खोलीला न इचारता माल ह्यानं भाईर काढला. ह्या दादानं."

काका पेटी उचलून गेले. सर म्हणाले, उद्यापासून यायचं नाही. ज्यांच्यासोबत रोज डबा खाल्ला, त्यांच्यातलं कुणी खुर्चीवरून उठलं नाही.

परवा साताऱ्याला मुलाखत आहे. तिथली नोकरी मला हवी आहे, घर माझ्यावर चालतं. आधीची का सुटली, हे ते विचारतील. गोड बोलून वेळ मारून ने, असं मैत्रीण सांगते. मी नेणार नाही. रचना माझी होती हे सांगणार. ती कुणी चोरली आणि कुणी मोडली, तेही सांगणार. नावं घेऊन सांगणार. त्यांनी नाही विचारलं तरी सांगणार.